भाकर चुकलीया

शहादेवनं चादरीची गाठ सोडली आणि चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. सुंदरराव खाटेवरून उठले नाहीत. चष्मा मात्र त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून घेतला.

"मोहिनीनं धाडलंय, तात्या," शहादेव म्हणाला. "संभाजीनगरला गेलतो, तवा दिलं."

चुलत्यासमोर मोहिनीचं नाव काढायला घरात कोणी धजत नसे. लेकीनं ठरलेली सोयरीक मोडली आणि चित्रकला शिकायला निघाली, तेव्हा "पुन्हा ह्या दारात पाऊल ठेवू नको" असं सुंदररावच बोलले होते. पोरगी बापाच्याच वळणाची, तिनं खरंच ठेवलं नाही. आता चौथं वर्ष लागलं होतं. शब्द मागे कसा घ्यायचा, हे या माणसाला उभ्या आयुष्यात कोणी शिकवलंच नव्हतं.

चित्रात घाटनांदूरच्या त्यांच्याच घरातली चुलीजवळची जागा होती. पितळी तांब्या, खलबत्ता, लसणाची गड्डी आणि ताटात एक भाकरी.

"अगं बाई, तांब्याचा पोचा बी काढलाय," मोहिनीची आई वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी बोट लावायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

सुंदररावांना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चूक काढायला कळावं लागतं थोडंच? ते उठले, चित्रापुढे वाकले. खलाच्या कडेचा उडालेला टवका, लसणाच्या सालीवरची जांभळी रेघ, सगळं जिथल्या तिथं. इतकी वर्षं लांब राहून पोरीनं घर पाठ ठेवलं होतं. आणि म्हणूनच त्यांचा आवाज चढला.

"भाकर चुकलीया."

तेही खोटं नव्हतं. बाकी सगळं डोळ्यात तेल घालून रंगवलेलं आणि भाकरीवर नुसते जाड, घाईघाईचे फटकारे. धड कड नाही, धड पापुद्रा नाही.

"मुद्दाम केलं असंल तिनं," शहादेव म्हणाला. "भावना का काय म्हणत्यात."

"कसली भावना? तांब्याला येवढी मेहनत आन् भाकरीचा कटाळा? भाकर कशी असती तेच इसरली ती."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ते लागलं.

"इसरंल कशाला?" वच्छलाबाई चित्रावरची नजर न काढता म्हणाल्या. "तिनं भाकर कवा नीट बघितली का? तव्यावरून ताटात पडली, की तोडायची. बोटं भाजायची, तरी दम न्हाई. तांब्या दिसभर म्होरं असायचा. भाकर कुठं ऱ्हायची तिच्या म्होरं?"

सुंदरराव मागे सरकत खाटेपाशी गेले. तिथून ते फटकारे फटकारे राहिले नाहीत. भाकरी गरम दिसत होती. अशा भाकरीवाचून लेक तिकडं उपाशीच राहत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ते सहन होईना.

"नंबर लाव तिचा," ते म्हणाले.

शहादेवनं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"हां, शहादेवदादा," तिकडून मोहिनी म्हणाली. "पोचलास का?"

"मी हाय."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुझी भाकर चुकलीया," सुंदरराव म्हणाले.

"कुठं चुकली, तात्या?" तिचा आवाज ओला झाला होता.

"ते फोनवर न्हाई सांगता यायचं," ते म्हणाले. "हितं यावं लागंल."