एकच फाइल, हजार वेळा

१.९ सेकंद.

जीन्स शिवणाऱ्या मशिनी खालच्या मजल्यावर. त्यांची थरथर वर खुर्चीत.

लोखंडी कपाट, वरचा कप्पा.

शुक्रवार, सकाळी अकरा. मूळ कागदपत्रांसह.

"मॅडम, कटिंग की फुल?" चहावाला पोऱ्या दारात.

पुन्हा १.९.

पाठव. मोज. परत पाठव. यशोधराने लिहिलेली स्क्रिप्ट एवढंच करत होती. उल्हासनगरच्या त्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर कागदपत्रं स्कॅन करून सांभाळायचं, आणि बदलापूरच्या एका हॉस्पिटलची अट होती: केसपेपर तीन सेकंदांच्या आत सिस्टीमवर चढला पाहिजे. तरच सॉफ्टवेअर घेऊ.

हॉस्पिटलच्या कागदांना हात लावायचा नव्हता. तिच्या मशीनवर जड असा स्कॅन एकच होता, तिच्या पदवीचा. तिने तोच लावला.

खरी पदवी ऑफिसच्या लोखंडी कपाटात होती. नोकरीची दोन वर्षं भरल्याशिवाय ती सुटणार नाही, असं कंपनीचे मालक विनीत सरांनी पहिल्याच महिन्यात हसत हसत सांगितलं होतं. आता सरकारी भरतीत तिचं नाव लागलं होतं, तपासणी शुक्रवारी होती, आणि मूळ पदवी दाखवली नाही तर नाव कटणार होतं. सर म्हणाले, "आकडा तीनच्या आत आण, गुरुवारी पदवी घेऊन जा."

अंबरनाथला शिवमंदिरामागच्या घरात आईने फाइल भरून ठेवली होती. दहावी, बारावी, जातीचा दाखला. एक कप्पा रिकामा.

१.९. १.९. १.९.

एवढं सारखं कसं येईल? बुधवारी दुपारी डबा उघडता उघडता तिला उमगलं. तीच फाइल दुसऱ्यांदा आली की सिस्टीम ती घेतच नव्हती. 'ही आहे आपल्याकडे' एवढी नोंद करून मोकळी. पदवी पहिल्यांदा गेली ती गेली, नंतर नऊशे नव्याण्णव वेळा जागची हललीच नव्हती.

तिने हजार वेगवेगळ्या फाइली बनवून लावल्या.

११.४.

"सर, माझी चूक झालीय. स्क्रिप्ट एकच फाइल पाठवतेय."

"मग पाठवू दे ना. कोणी सांगितलं फाइल बदल म्हणून?"

"पेशंट बदलतात, सर."

सर मनापासून हसले. "यशू, तुला पेशंटचं टेन्शन आहे की शुक्रवारचं?"

तिने डबा बंद केला. संध्याकाळी रिपोर्टवर १.९ लिहिलं आणि खाली सही केली.

गुरुवारी सर पेढे घेऊनच आले. "बधाई हो! फक्त एक अट आहे त्यांची. जिने मोजलं तीच वर्षभर तिथे बसणार. उद्यापासून. तुझं नाव देऊन टाकलंय."

"आणि माझी पदवी?"

"अगं, आता तर जास्त जपायला पाहिजे तुला."

"मी सांगेन त्यांना. आकडा खोटा आहे म्हणून."

"सांग की. सही कुणाची आहे?"

पेढा तिच्या हातातच राहिला. सर दुसऱ्या टेबलाकडे वळले.

पाठव. मोज.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता यशोधरा बदलापूरला हॉस्पिटलच्या काउंटरमागे बसली होती. समोर वांगणीहून आलेल्या वेणूबाई, एक हात काउंटरवर टेकून उभ्या. केसपेपर चढत होता. सहा. सात. आठ.

"झाला का गो बाय?"

"होतोय, मावशी."

नऊ. दहा. मागे रांग वाढत होती. तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

अकरा.

कामाच्या पहिल्या दिवशी सरांनी फक्त झेरॉक्स मागितली होती. घर पावसात गळतं, ऑफिसात नीट राहील, म्हणून मूळ पदवी तिनेच आपणहून दिली.