दुसरं कुणीतरी उचलंल

मी सतरंजी बोलतेय. दचकू नका, आणि मेहरबानी करून बसूही नका. जरा उभ्यानं ऐका. आजवर जो भेटला तो आधी बसला आणि मग बोलला. त्यामुळं मला माणसांची तोंडं कमी आणि दुसरी बाजूच जास्त ठाऊक आहे.

माझा जन्म पुण्याच्या तुरुंगातला. निळे-तांबडे पट्टे, जाड सूत आणि वीण अशी घट्ट, की पाणी सांडलं तरी मुरावं का मुरू नये असा विचार करत बसायचं. मला विणणारा कैदी दिवसभरात चार शब्दसुद्धा बोलायचा नाही. मला वाटलं, माणूस म्हणजे असाच असतो, गप्प आणि कामात. अशी मी खुळी. नवीन होते, दुसरं काय!

तिथून मला कऱ्हाटीच्या आप्पासाहेबांनी आणलं, लेकीच्या लग्नासाठी. लग्नात कुणा पाहुण्यानं पेटती बिडी माझ्यावर ठेवली आणि पंगतीला उठून गेला. माझ्या अंगाला करंगळी जाईल एवढं भोक पडलं. आप्पासाहेबांनी ते भोक बघितलं, मिशीवरून हात फिरवला, आणि पुढच्या आठवड्यात मी गावातल्या जय मल्हार फुटबॉल क्लबला सप्रेम भेट झाले. माझ्या कोपऱ्यात ऑइलपेंटनं तसं लिहिलंय, नावासकट. अक्षरं भोकापेक्षा मोठी आहेत. त्या एका भेटीवर आप्पासाहेब क्लबचे अध्यक्ष झाले, ते झालेच.

कबड्डीच्या मुलखात फुटबॉल कुठून आला म्हणाल, तर म्हस्कूतात्यानं आणला. तात्याचा बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. तात्या पलटणीत गेला, तिकडं बंगालकडं कुठंतरी हा खेळ शिकला, आणि पेन्शन घेऊन घरी आल्यावर ज्या माळावर बापाची मेंढरं बसायची तिथंच त्यानं बांबूचे गोल उभे केले. बारा वर्षं त्यानं ती टीम सांभाळली. सगळे त्याला मॅनेजर म्हणायचे. सोसायटीच्या मॅनेजरला खुर्ची असते, बँकेच्या मॅनेजरला काचेची खोली असते. आमच्या मॅनेजरला मी होते, आणि माझ्यावर तो एकदाही बसला नाही.

रविवारी दुपारी तो मला खांद्यावर टाकून माळावर आणायचा, बाभळीच्या सावलीत अंथरायचा, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचा. मग चेंडूत हवा भर, फक्कीनं रेषा मार, कुणाच्या घोट्याला हळद लाव, असं चालायचं. मॅच संपली की मला उचलायचा, तोंड फिरवून झाडायचा, एक टोक पायाखाली धरून एकट्यानंच घडी घालायचा आणि घरी न्यायचा. त्याची बायको साखरबाई मला ओसरीवरच्या दांडीवर टाकायची. टाकताना शिव्या द्यायची. मला नाही, माझ्यावर बसून गेलेल्यांना. बाई मला फार आवडायची.

कारण बसणारे होते तसेच. समर्थक म्हणे! यायचे, पायताणासकट यायचे. शेंगा खाऊन टरफलं माझ्या घडीत सारायचे. तंबाखू मळून झाली की चुन्याचं बोट पुसायला त्यांना अख्ख्या माळावर मीच दिसायची. पिंक टाकायला मान बाहेर काढायचे, पण मान आळशी असते, निम्मी पिंक माझ्यावरच. मी काही पैठणी नव्हे, मला माझी पायरी ठाऊक आहे. सतरंजीच्या जातीनं नाक मुरडू नये. पण नाक नसूनही मुरडत होते, एवढंच सांगते.

तरी घाण एक वेळ धुता येते. बोलणं कुठल्या पाण्यानं धुणार?

अठ्ठ्याण्णव साली टीव्हीवर वर्ल्डकप झाला आणि आमचे समर्थक एकदम विद्वान झाले. तोवर फक्त शिट्ट्या मारायचे, आता मतं मारायला लागले. त्यातच दिवाळीनंतर हिंदुराव बातमी घेऊन आला. हा हिंदुराव म्हणजे गावातली कुठलीही वाईट बातमी आधी त्याला कळायची, आणि ती खरी ठरेपर्यंत त्याला अन्न गोड लागायचं नाही.

"मॅनेजर चालला," तो माझ्यावर बसकण मारत म्हणाला. "इंदापूरच्या टीमला. म्या सवताच्या डोळ्यानं बघितला, इंदापूरच्या स्टँडवर उतरताना."

जोतीराम उखडला. जोतीरामचा जीव तात्यावर. पहिल्या टीमचा तो गोलकीपर, आता गुडघा गेल्यामुळं माझ्या वाट्याला आलेला. "आरं, त्येंची रेश्मा दिलीया इंदापुरात. बापानं लेकीकडं जाऊ न्हाय व्हय?"

"लेकीकडं जाताना बूट कोण नेतं?"

"बूट बघितलं तू?"

"पिशवी फुगल्याली हुती."

"लाडू असत्याल पिशवीत."

"लाडवाला नाडी असती व्हय रं? भायेर नाडी लोंबत हुती!"

झालं. त्या नाडीवर तीन रविवार गेले. जाणार म्हणणारे माझ्या डाव्या अंगाला बसायला लागले, राहणार म्हणणारे उजव्या. मॅच पुढ्यात चालू असायची आणि ह्यांची पाठ मॅचकडं. तात्या गप्प असला की म्हणायचे, "बघा, मन उडालंय." हसला की म्हणायचे, "बघा, तिकडचं पक्कं झालंय." त्यानं नवीन चप्पल घेतली तर तिच्यावर एक आख्खी दुपार.

आणि तात्या कुठं? तिथंच. हाकेच्या अंतरावर. खाली मान घालून चेंडू शिवत. त्याला सगळं ऐकू जायचं. एकाही बहाद्दराला उठून जाऊन "तात्या, जाताय का ऱ्हाताय?" असं विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर वाद संपला असता ना! मग रविवारी चघळायचं काय?

खरं मला ठाऊक होतं, कारण मी ओसरीवर असायची. इंदापूरची माणसं दोनदा येऊन गेली होती. चहा पिऊन सरळ म्हणाली होती, "तात्या, आमास्नी तुमी पायजेल." तात्यानं त्यांना हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

ती गेल्यावर साखरबाई म्हणाली, "मग? जायाचं?"

"माळ सोडून?" तात्या म्हणाला. "बारा वर्सं झाली गं."

"बारा वर्सात ह्या गावात कुणी म्हणलं का, तात्या तुमी पायजेल म्हणून?"

तात्या दांडीवर लोंबणाऱ्या माझ्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "एकानं जरी ऱ्हावा म्हणलं ना साखरे, तरी ऱ्हाईन."

एकानं. फक्त एकानं. रविवारी माझ्यावर बसायला जागा पुरायची नाही, एवढी माणसं होती!

त्याच आठवड्यात जोतीराम आला. संध्याकाळची वेळ, नवा शर्ट, धुतलेली टोपी. मला कळलं, हा विचारायलाच आलाय. दांडीवर माझा दोरा न् दोरा ताठ झाला. तात्यानंही कामातला चेंडू बाजूला ठेवला.

"तात्या..." जोतीराम म्हणाला.

"बोल की."

"न्हाय, म्हणलं..." त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. "म्हस कशी हाय तुमची?"

"बरी हाय."

"आमची आटली."

"पेंड बदलून बघ."

"बघतो." मग पावसाचं झालं, कऱ्हेच्या पाण्याचं झालं. दोन कप चहा झाला. जोतीराम उठला, दारापर्यंत गेला, वळला, आणि म्हणाला, "पेंड बदलतो मग." गेला.

साखरबाई आतून आली. "कशाला आल्ता?"

"काय म्हाईत," तात्या म्हणाला. "म्हशीचं बोलला."

मला त्या दिवशी पुरुषजातीचा वीट आला तो आला.

आता आप्पासाहेबांचं डोकं ऐका. त्यांना पण मॅनेजर जायला नकोच होता. पण जाऊन दोन शब्द बोलणं अध्यक्षाला कमीपणाचं. तेव्हा त्यांनी माझ्यावर मांडी ठोकून तोड काढली. "सत्कार करू! शाल, नारळ, फेटा. चार लोकांत मान केला की माणूस शरमंनं जागचा हलत न्हाय. हातपाय बांधल्यागत हुतंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्याकडं सत्कार कधी करतात? मास्तर रिटायर झाला, तलाठ्याची बदली झाली, की करतात. शाल पडली की माणसानं समजून घ्यायचं असतं, आता निघावं. राहा म्हणायला सत्कार करणारे हेच पहिले दिवटे!

झाला सत्कार. त्याच माळावर, भर दुपारी, लाउडस्पीकर लावून. तात्याला खुर्ची दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा तो माळावर खुर्चीत दिसला, तोही असा टोकावर, शाळेतल्या पोरासारखा. खाली माझ्यावर सगळं गाव. भाषणं काय ती! "तात्यांनी आपल्यासाठी लई केलं." "त्यांचा काळ सोन्याचा हुता." "नव्या पोरांना संधी देण्यासाठी त्यांनी कायम मोठं मन दाखवलं." ऐकणाऱ्यानं उठून हार फोटोला घालावा, अशी. तात्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकेका भाषणागणिक उतरत चाललं. फेट्याखाली त्याचं तोंड लहान लहान दिसायला लागलं.

शेवटी जोतीराम उभा राहिला. मी म्हटलं, आता तरी! माईकपुढं आला. तात्याकडं बघितलं. ओठ हलले. आणि सत्कारात जे बोलतात तेच तोंडातनं बाहेर पडलं.

"तात्या, तुमची... तुमची लई आठवण येईल."

टाळ्या! सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.

कार्यक्रम संपला, पेढे संपले, लोक उठले. तात्या खुर्चीवरून उठला आणि सवयीनं माझ्याकडं आला. खांद्यावर शाल, डोक्यावर फेटा, तसाच वाकला आणि माझं एक टोक धरलं. आप्पासाहेब धावत आले.

"हां हां, तात्या! आज तुमी सत्कारमूर्ती. सोडा ते. दुसरं कुणीतरी उचलंल."

तात्या वाकलेलाच राहिला. माझं टोक त्याच्या हातात होतं, ती बोटं मला अजून आठवतात. मग त्यानं ते हळूच खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. आणि फेटा काढून काखेत मारून तो घराकडं चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो आणि साखरबाई इंदापूरच्या एसटीत बसले.

आणि मला? मला कुणी उचललं? आप्पासाहेबांना वाटलं हिंदुराव उचलेल, हिंदुरावाला वाटलं पोरं उचलतील, पोरांना वाटलं ज्याचं नाव लिहिलंय तो उचलेल. मी माळावर पडून राहिले. शेळ्या येऊन लेंड्या टाकून गेल्या. पण खरं सांगू, शेळ्या बऱ्या. त्या निदान मतं तरी मांडत नव्हत्या.

रविवारी सगळे आले आणि तसेच लेंड्या झटकून बसले. हिंदुरावाचा चेहरा लग्नघरातल्यासारखा खुलला होता. "म्हणलो हुतो का न्हाय? नाडी बघितल्याली म्या!" कुणी म्हणालं, एवढा मान केला तरी गेला, माणूसच नमकहराम. "गद्दार!" असं म्हणून एकानं पिंक टाकली. माझ्यावरच. त्या दिवसानंतर माझा बोळा करून खंडोबाच्या देवळामागं कोंबत आणि रविवारी बाहेर ओढत.

पुढच्या हिवाळ्यात इंदापूरची टीम आमच्या माळावर खेळायला आली. तात्या बरोबर होता. तसाच उभा, फक्त समोरच्या रेषेवर. आमच्या समर्थकांनी त्याला काय काय म्हटलं ते मी सांगणार नाही, तुमच्या घरात लेकरंबाळं असतील. इंदापूर जिंकलं. आमची माणसं तोंडं वाकडी करून निघून गेली, मला तशीच टाकून.

इंदापूरचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. तात्या टेम्पोकडं निघाला, थबकला, वळला. माळ ओलांडून माझ्याकडं आला. दगड बाजूला सारले. एक टोक पायाखाली धरणार, तेवढ्यात समोरचं टोक कुणीतरी उचललं. जोतीराम. राहिलेली चप्पल न्यायला परत आला होता.

दोघांनी मला झाडलं. टोकं जुळवायला दोघं चालत समोरासमोर आले.

"म्हस?" तात्यानं विचारलं.

"देती आता दूध." मग जोतीराम माझ्या पट्ट्यांकडं बघत म्हणाला, "तात्या, त्या दिशी ओसरीवर... ऱ्हावा म्हणायला आल्तो."

तात्यानं शेवटची घडी घातली, तळहातानं दाबली, आणि मला जोतीरामच्या दोन्ही हातांवर ठेवलं, जपून.

"पेंड बदलाया सांगितली, ती लगीच बदललीस," तो म्हणाला. "आन् एवढं म्हणाया वर्स लावलंस व्हय रं?" आणि टेम्पोकडं पळाला.

तेव्हापासून मी जोतीरामकडं असते. तोच आता चेंडूत हवा भरतो, फक्की मारतो, दुखऱ्या गुडघ्यानं वाकून मला उचलतो. माझे पट्टे आता उडालेत, कंबर मोडलीय, भोकाला दोन बहिणी झाल्यात. आप्पासाहेबांच्या नावातली मात्र एक मात्रासुद्धा गेलेली नाही.

परवा रविवारी हिंदुराव बसला, चुन्याचं बोट माझ्यावर पुसलं, आणि म्हणाला, "कायबी म्हणा, जोतीराम काय टिकत न्हाय. पणदऱ्याच्या टीमची माणसं त्येच्याकडं येऊन गेल्यात म्हणं."

"न्हाय जायाचा तो," दुसरा म्हणाला.

"जाईल!"

डावी बाजू, उजवी बाजू. जोतीराम हाकेच्या अंतरावर, खाली मान घालून चेंडू शिवत होता.

म्हणून तुम्हाला बसू नका म्हटलं. मला धुऊ नका, रफू करू नका, नवी सतरंजी तर आणूच नका. फक्त उठा. चार पावलं चाला आणि त्याला तेवढा एक शब्द म्हणा. आणि ते जमत नसेल, तर निदान माझ्यावरनं तरी उठा.