माझं बोट नीट करू नको

माधे, तू आधी नुसतं ऐक. मधी बोलू नको, न्हाईतर माझं निम्मं सांगायचं राहून जातं.

तुला माहीतीये ना, आमच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत न्हाईत. सुप्याला बसमधनं उतरलं की गेटवर लॉकरमधी फोन टाकायचा, सुट्टी झाली की घ्यायचा. दीड वर्ष झालं मी मशिन चालवते, पन मशिनवरचा माझा एक फोटो न्हाई. आई अजून लोकांना सांगती, "यशोधरा पॅकिंगला हाय." पॅकिंग! लोखंड कापते गं मी!

आनि औंदा मंडळानं ठरवलं, चौकातल्या जयंतीच्या फ्लेक्सवर नोकरीला लागलेल्या पोरी घ्यायच्या. एरवी खाली पोरांचीच रांग असती, गॉगल घालून, फोन कानाला लावून. औंदा आमी चौघी, त्याबी वर, मोठ्या. मी म्हनलं, माझा फोटो मशिनवरचाच पाहिजे. काढता येत न्हाई ना? मग एआयकडून करून घेते.

बसमधी बसले आनि लिहिलं, सुप्याच्या कंपनीत मशिन चालवनारी मुलगी. तर काय आलं माहीतीये? केस मोकळे! लिपस्टिक! आमच्या सेफ्टीवाल्यानं तिला गेटवरनंच हाकलली असती. मग मी "ऑपरेटर" लिहिलं, तर डायरेक्ट मिशीवाला बाबा आला. मग माझी सेल्फी टाकली. चेहरा माझा आला, पन मशिन कसं, तर कपडे धुवायचं! मी मग एकेक सांगत बसले. दार सरकतं, बटनं उजव्या अंगाला, वर तीन रंगांचा दिवा, आत पांढरं पानी उडतंय, अंगात करडा शर्ट, डोक्याला टोपी, डोळ्याला चष्मा. दोन दिवस, जाता-येता. आनि मंगळवारी, पारनेरच्या अलीकडंच, आलं बघ! मीच! माझं मशिन! मी इतक्या जोरात "आलं" म्हनले की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला.

मग मी हात बघितला.

मशिनवर ठेवलेला डावा हात. त्याला पाची बोटं. पुरी.

तुला माहीतीये माझ्या हाताचं. सहा वर्षांची हुते. आई कडबाकुट्टी चालवत हुती, मी मधी हात घातला, अंगठ्याशेजारचं बोट अर्धं गेलं. आता पडद्यावर तो पुरा हात. खोटं कशाला बोलू, लई येळ बघत बसले. चांगला दिसत हुता गं.

पन मग वाटलं, ही कोन? ही मशिन चालवत न्हाई. मशिन चालवती ती मी.

म्हनून लिहिलं, डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं. तर सहा बोटं दिली! परत लिहिलं, तर पट्टी बांधून दिली. परत लिहिलं, तर हातमोजा घातला. फिरत्या मशिनपाशी हातमोजा चालत न्हाई, अख्खा हात आत ओढला जाईल, हे त्याला कोन सांगनार?

मग कळलं, हाताचा फोटोच द्यावा लागनार. गॅलरी उघडली. दोन हजारांवर फोटो, माधे, आनि एकातबी माझा डावा हात न्हाई. कुठं ओढनीखाली, कुठं खिशात, कुठं तुझ्या पाठीमागं. आपला भंडारदऱ्याचा फोटो बघ, तुला वाटलं असंल मी पिरमानं मिठी मारलीय.

तर मी बसमधीच डब्याच्या झाकनावर हात ठेवला आनि फोटो काढला. आयुष्यातला पहिला. दिला. आनि आलं, अगदी जसंच्या तसं.

लगेच फ्लेक्सवाल्या हर्षलला पाठवलं. अर्ध्या तासात, मी घरी पोचले तोवर, त्याचं डिझाईन आलं, खाली लिहिलेलं, "ताई, एक नंबर फोटो. एआयनं बोटाची चूक केलती, मी नीट करून दिलंय. त्याचे पैसे नकोत."

मी फोनच लावला. "अरे, ती चूक न्हाई, माझं बोटच तसं हाय."

मग म्हनतो, "सॉरी ताई. पन... राहू द्या ना तसंच. फ्लेक्सवर कोन बोटं मोजतंय?"

"मी मोजते," म्हनलं. "माझं बोट नीट करू नको."

आई शेजारीच भाकरी थापत हुती. तिनं सगळं ऐकलं. म्हनली, "यशे, राहू दे की गं. रविवारी कोल्हारची मानसं तुला बघायला येनारेत. त्यांना बोटाचं अजून सांगितलं न्हाई. चौकातनंच येतील ती."

"मग बरंच हाय, तुला सांगायचा तरास न्हाई."

"तुला हसू सुचतंय. लोक तुला न्हाई, मला बोलतील. आईचं ध्यान कुठं हुतं म्हनतील."

माधे, इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मला वाटायचं, माझी लाज वाटती म्हनून ती हात झाकायला लावती.

मी फोन तिच्या म्होरं धरला. म्हनलं, "हे माझं मशिन. एका केसाचे सात भाग केले ना, त्यातल्या एका भागाइतकी जरी चूक झाली तरी माल परत येतो. माझा महिनाभरात एक नग परत आला न्हाई. ह्याच हातानं."

तिनं पिठाच्या बोटानं पडद्यावर हात लावला. चित्र एकदम मोठं झालं, नुसतं बोटच दिसायला लागलं. ती बघत राहिली. म्हनली, "असंच हाय. टोकाला टाके घातलेली खूनबी आलीय." आनि परत भाकरीकडं वळली.

मी हर्षलला सांगितलं, मार प्रिंट.

शुक्रवारी फ्लेक्स लागला. आई त्या दिवशी तीनदा फ्लेक्सखालनं गिरनीला गेली. तीनदा! घरात दळायला दोन किलो ज्वारी. दुसऱ्या येळी मी मागनं गेले, तर कुना बाईला सांगत हुती, "पॅकिंग न्हाई ओ, लोखंड कापती ती. केसाच्या सातव्या भागाइतकं."

आनि रविवारी आईनं मला दूध आनायला पाठवलं. मी चौकात, पिशवी हातात, तर पांढरी गाडी फ्लेक्सखालीच थांबली. कोल्हारची! काच खाली झाली. आत एक बाई, पुढं पोरगा. दोघं वर बघतायत, मग माझ्याकडं, मग परत वर. बाई आईचं नाव घेऊन म्हनली, "बाळा, बनाबाईंचं घर कुठं? ही फोटोतली तूच का?"

पिशवी उजव्या हातात. डावा हात ओढनीखाली, सवयीनं. पिशवी डाव्यात घेऊन उजव्यानं घर दाखवायला एक सेकंद लागला असता, बघ.

मी डावा वर केला. अर्ध्या बोटानं दाखवलं, "ते निळ्या दाराचं. आनि व्हय, मीच."

चहा पिऊन गेली. पोरगा सगळा येळ मशिनचंच विचारत हुता, बाई माझ्या हाताकडं बघत हुती. कळवतो म्हनलेत. कळवतील न्हाई कळवतील, त्यांचं ते बघतील. पन ती गेल्यावर आई म्हनली, "पिशवी त्या हातात घ्यायची हुतीस, जरा दमानं कळलं असतं त्यांना." आनि म्हनता म्हनता हसत हुती गं.

आता बोल. तिथं चौकात तू असतीस, तर तू काय केलं असतंस?