अप्पांच्या कानातला कार्यक्रम

माझ्या बहिणीने दार लावून, हलक्या आवाजात, व्हिडिओ कॉलवर एका माणसाशी केलेले बोलणे आमच्या वडिलांना त्यांच्या खोलीत ऐकू गेले. त्यांच्याही खोलीचे दार बंद होते. अप्पा एकटे बसलेले असताना त्यांच्या पाठीमागे कपबशी पडून फुटली, तरी ते वळून पाहत नाहीत.

बहीण समुपदेशक आहे. एका संस्थेसाठी ती घरूनच, संगणकाच्या पडद्यावर, लोकांच्या अडचणी ऐकून घेते. मी एका प्रयोगशाळेत यंत्रांचा गोंगाट मोजतो. आमचे व्यवसाय एकमेकांच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणूनच तिच्या फोनचे मला नवल वाटले.

"दादा, तू आज येच. आणि येताना तुझं ते आवाज मोजायचं यंत्र घेऊन ये."

"कशाला?"

"माझं कॉलवरचं बोलणं बाहेर जातंय. अप्पांपर्यंत जातंय."

"अप्पांपर्यंत? आपल्या?"

"दुसरे कुठले अप्पा आहेत आपल्याला?"

घडले होते ते असे. तिच्याकडे येणाऱ्यांपैकी एक माणूस लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करतो. काही महिन्यांपासून त्याला लिफ्टमध्ये पाऊल टाकवत नव्हते. दुरुस्ती तो चोख करी. पण हत्यारांची पेटी खांद्याला लावून वरच्या मजल्यांपर्यंत जिन्यानेच जाई आणि कोणी विचारले, तर व्यायाम करतो म्हणून सांगे. ही गोष्ट त्याने फक्त माझ्या बहिणीला सांगितली होती. आठवड्याभरातच कामावरच्या सहकाऱ्याने चारचौघांत त्याला विचारले, "काय रे, आत गेलं की भिंती जवळ येतात का?" सहकाऱ्याने हे केस कापायच्या दुकानात ऐकले होते आणि दुकानदाराने ते आमच्या अप्पांकडून. गोष्टीत नाव नव्हते, पण जिने चढणारा लिफ्टवाला कोण, हे सहकाऱ्याने ताडले होते.

लिफ्टच्या त्या कारागिराने आरडाओरडा केला नाही. संस्थेला त्याने एवढेच कळवले की मला माफी नको आहे. माझे बोलणे तिथपर्यंत कसे पोचले ते सांगा. ते कळेपर्यंत कॉलवर येणार नाही आणि ते सांगता आले नाही, तर रीतसर तक्रार करीन. संस्थेने बहिणीचे सगळे कॉल थांबवले. कारण सापडेपर्यंत तिचे काम बंद आणि त्या माणसाचे उपचारही बंद. मला हे सगळे सांगण्याची परवानगी तिने त्याच्याकडे मागितली, तेव्हा तो म्हणाला होता, "सांगा. तेवढा एक भाऊच राहिलाय."

मी पोचलो, तेव्हा अप्पा आपल्या खोलीत होते आणि बहीण तिच्या कचेरीच्या दारात उभी होती. कचेरी म्हणजे बाहेरच्या दाराला लागून असलेली, पूर्वी बूट आणि छत्र्या ठेवण्याची खोली. तिला खिडकी नाही, भिंती जाड आहेत आणि दार घट्ट बसते. आधी बहीण बैठकीच्या खोलीत बसत असे. कुणाच्या कानावर काही पडू नये म्हणून अलीकडेच तिने ही जागा निवडली होती.

"काय काय केलंस आतापर्यंत?" मी विचारले.

"काय नाही केलं ते विचार. हेडफोन लावते. मागचं सगळं धूसर करते. काम नसलं की कॅमेऱ्यावर झाकण. दाराखाली रबरी पट्टी लावली. पासवर्ड बदलले, संगणक पुसून नव्याने भरला. आता मीच घराबाहेर जायची तेवढी राहिलेय."

"संगणकावर इतका राग का?"

"दुसरं काय असणार? कुणीतरी आत शिरलं असेल."

"आत शिरलेल्याने ते अप्पांना का सांगावं?"

तिने माझ्याकडे पाहिले. लहानपणापासून ती माझ्याकडे असेच पाहत आली आहे.

मला प्रथम हे कळायला हवे होते की नेमके काय बाहेर गेले. काही तरी गेले, हे पुरेसे नव्हते. बहिणीला ते अचूक ठाऊक होते, कारण कारागिरालाही तीच गोष्ट खटकली होती. भिंती जवळ येतात, असे तो कधीच म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, छातीवर कुणी तरी बसल्यासारखे होते. भिंतींचे बोलणे बहिणीचे होते. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचे आणि बरोबर समजले ना, असे विचारायचे, ही तिच्या कामाची पद्धत आहे. "म्हणजे भिंती जवळ येतायत असं वाटतं, बरोबर?" असे तिने विचारले होते आणि तो नुसता "हं" म्हणाला होता.

"मग संगणकाला सोडून दे," मी म्हणालो. "तिथून गळलं असतं, तर दोघांचे आवाज गळले असते. इथे फक्त तुझा गेलाय. हेडफोनमुळे त्याचा आवाज तुझ्या कानाबाहेर पडला नाही. पण तो जे म्हणतो ते सगळं तूच पुन्हा मोठ्याने म्हणतेस."

"मोठ्याने नाही, दादा. इतक्या हळू की कधीकधी मलाच ऐकू येत नाही."

आम्ही अप्पांच्या खोलीत गेलो. त्यांनी कानामागे हात नेला, खुर्ची आमच्याकडे वळवली आणि म्हणाले, "या प्रोफेसर. चौकशी समिती का?"

"अप्पा, ती लिफ्टवाल्याची गोष्ट तुम्हाला कुठे कळली?" मी मोठ्याने विचारले.

"हिला दहादा सांगितलं. कार्यक्रमात."

"कुठल्या?"

"टीव्हीवर लागतो. एक बाई असते, फार समजूतदार. लोकांच्या अडचणी सोडवते."

"दिसते कशी?"

"दिसत नाही. चित्र दुसरंच असतं. परवा मगरी होत्या."

"मगरी?"

"हल्लीच्या कार्यक्रमांना ताळतंत्र नसतं रे. मी मगरींचा आवाज बंद करतो आणि बाईचं ऐकतो."

बहिणीने कपाळावर हात मारून घेतला. मी विचारले, "आणि तो लिफ्टवाला? तो काय बोलतो?"

"तो नाही बोलत. तेवढंच त्या कार्यक्रमाचं मला पटत नाही. तो काय म्हणाला तेही बाईच सांगते."

"बाईचा आवाज ओळखीचा नाही वाटला? हिच्यासारखा?"

अप्पांनी लेकीकडे नीट पाहिले. "हिच्यासारखा? छे. ती बाई कधी ओरडत नाही."

"मी ओरडते, कारण तुम्हाला ऐकू येत नाही!" बहीण ओरडली.

"बघ," अप्पा मला म्हणाले.

आवाज कुणाचा, हे आता ठरले होते. तो त्यांच्यापर्यंत येतो कसा, हे ठरायचे होते. बहीण कचेरीत जाऊन बसली, दार लावले आणि कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका कॉलवरच्या आवाजात वाचू लागली. मी अप्पांच्या खोलीचे दार लावून मापकयंत्र त्यांच्या टेबलावर ठेवले. काटा हलला नाही. भिंतीला कान लावला, जमिनीला लावला, खिडकीतून डोकावलो. काही नाही.

"ऐकू येतंय?" मी विचारले.

"तू ओरडतोयस ते येतंय."

"कार्यक्रम?"

"आत्ता नाही लागला."

टीव्ही लावून पाहिला, बंद करून पाहिला. बहिणीने आवाज चढवला, उतरवला. कार्यक्रम लागला नाही. ती बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आपण बघत असलो की होत नाही," ती म्हणाली. "दादा, त्यांना भास तर होत नसतील?"

"भासांना लिफ्टवाल्याची भीती कुठून ठाऊक असणार?"

पण तिच्या पहिल्या वाक्यात तथ्य होते. आम्ही बघत असलो की होत नव्हते. मग आम्ही बघायला गेल्याने काय बदलत होते? मी खोलीबाहेर गेलो आणि थोड्या वेळाने पुन्हा आत आलो. पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा आलो. अप्पांनी विचारले, "दार बिघडलंय का?" मी मात्र त्यांचा उजवा अंगठा पाहत होतो. मी आत आलो की तो दर वेळी कानामागे जाई आणि श्रवणयंत्रावर दाबला जाई.

"अप्पा, ते काय करता?"

"बटण. माणसांचं वेगळं असतं, टीव्हीचं वेगळं. माणूस आलं की माणसांचं लावायचं. यंत्राच्या दुकानातल्या पोरीने शिकवलंय."

"आणि माणूस गेलं की?"

"टीव्हीचं. त्यावर बाकी काही म्हणजे काही ऐकू येत नाही. फार शांत वाटतं."

अप्पा एकटे असताना त्यांना काय ऐकू येते, हे आम्ही त्यांच्याशेजारी बसून तपासत होतो. प्रत्येक वेळी आमच्या मानासाठी त्यांनी प्रयोगाची मांडणी बदलली होती.

मी बहिणीला पुन्हा कचेरीत पाठवले. अप्पांना बटण टीव्हीवर ठेवायला सांगितले आणि माझे पुढचे प्रश्न कागदावर लिहून दाखवले. टीव्ही बंद होता. खोलीत मला काहीच ऐकू येत नव्हते. काही क्षणांतच अप्पांच्या भुवया वर गेल्या.

"लागला," ते म्हणाले. "पण आज भलतंच काही तरी आहे. रंगीत कपडे वेगळे घाला म्हणते."

श्रवणयंत्रात एक बारीक तारेचे वेटोळे असते. बटण टीव्हीवर नेले की यंत्राचा माइक हवेतला आवाज टिपणे थांबवतो आणि त्याऐवजी ते वेटोळे भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रातले बदल टिपू लागते. ते बदल घडवण्यासाठी खोलीभर एक तार फिरवलेली असावी लागते. मी गुडघ्यांवर बसलो. तार होती. भिंतीच्या पायथ्याशी पट्टीखाली दडवलेली, रंगाने झाकलेली, खोलीला पूर्ण फेरी घालून कपाटामागच्या एका लहान डबीत शिरणारी. डबीत दोन वायरी बाहेरून येत होत्या. एक टीव्हीकडून येत होती. दुसरी चौकटीवरच्या भोकातून पलीकडे गेली होती.

मी तिच्या मागे निघालो. मागोमाग अप्पा, हातात माझा प्रश्नांचा कागद घेऊन. वायर बोळाच्या छतालगत गेली, बाहेरच्या दारावरून वळली आणि भिंतीतून कचेरीत उतरली. मी दार उघडले. बहीण अजून वाचत होती. तिच्या डोक्यावर दाराच्या घंटेची पेटी होती आणि पेटीच्या बुडाला वाटाण्याएवढा माइक चिकटवलेला होता.

बहिणीने मान वर केली.

"हे बेल ऐकू यावी म्हणून बसवलं होतं," ती म्हणाली. "श्रवणयंत्राच्या दुकानातला माणूस येऊन गेला होता. तेव्हा इथे नुसते बूट होते."

अप्पांना मी सगळे कागदावर लिहून दिले. त्यांनी ते वाचले, पुन्हा वाचले आणि कानामागचे बटण माणसांवर आणले.

"म्हणजे ती बाई ही?"

"हो."

"आणि तो माणूस खरा आहे?"

"खरा आहे, अप्पा."

ते बुटांच्या जुन्या स्टुलावर बसले. "मी दुकानात किती रंगवून सांगितलं," ते म्हणाले. मग लेकीकडे वळून, "तो शेवटी बसला का लिफ्टमध्ये?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही," बहीण म्हणाली. आवाज कार्यक्रमातलाच होता.

माइक मी उपटून काढला आणि घंटेसाठी अप्पांच्या खोलीत दिवा बसवायचे ठरले. संस्थेच्या परवानगीने बहिणीने कारागिराला व्हिडिओ कॉल लावला, मी समोर असलो तर चालेल का, हे त्याला आधी विचारून. सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "तो माइक दाखवा." तिने कॅमेऱ्यासमोर धरला.

"आणि वायर?"

तिने तुटलेले टोक दाखवले.

"वडिलांना माझं नाव ठाऊक आहे?"

"नाही. चेहरा माहीत नाही, आवाजही माहीत नाही. तुमचा आवाज त्यांनी ऐकलेलाच नाही."

"मी विचार करत होतो, बायकोने दाराआडून कॉल ऐकून बाहेर सांगितलं असेल. घरात बोलायचंच बंद केलं होतं मी." मग म्हणाला, "आता हे लिहून पाठवा. माझ्या नावाशिवाय. त्या दुकानातही सांगा की कार्यक्रम बंद झाला. आणि माझी नेहमीची वेळ दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"दादा, तू लिही," कॉल संपल्यावर बहीण म्हणाली. "मी लिहायला बसले, तर त्यात सगळ्यांच्या भावना येतील."

मी लिहिले ते असे. संगणकातून काहीही बाहेर गेले नाही आणि कोणी आत शिरले नव्हते. घंटा ऐकू यावी म्हणून बसवलेला माइक अशा खोलीत होता, जिथे पूर्वी कोणी बोलत नसे. गुप्ततेसाठी समुपदेशक त्याच खोलीत बसू लागल्या. त्या माइकला जोडलेली डबी मंद आवाज आपोआप वाढवते, म्हणून हळू बोलण्याने काही साधले नाही. हेडफोनमुळे समोरच्याचा आवाज झाकला गेला. पण त्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत परत सांगण्याच्या पद्धतीमुळे त्यातला मजकूर खोलीत बोलला गेला. तो तारेने वडिलांच्या खोलीत पोचला आणि तिथे तो फक्त त्यांच्या श्रवणयंत्रालाच ऐकू येण्यासारखा होता.