बिनदात्याचं नाणं

दर मंगळवारी भाऊ नोटा देऊन बँकेतून पाच रुपयांच्या नाण्यांची बंद पिशवी आणायचा आणि मागच्या खोलीत अक्कापुढं सतरंजीवर ओतायचा. या नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात. क्वचित टांकसाळीतलं यंत्र चुकतं, एखादं नाणं गुळगुळीत कडेचं निघतं आणि तसंच चारचौघांत फिरत राहतं. हौशी माणसं त्याला वाट्टेल तो भाव देतात. अक्काला दिसेनासं होऊन अकरा वर्षं झाली होती, पण देवानं नेलेले डोळे तिच्या बोटांत आणून ठेवले असावेत. नामस्मरण करत ती एकेक नाणं अंगठ्यावरून फिरवायची. अशी चौदा नाणी तिनं भावाला काढून दिली होती.

गेले चार महिने मात्र काहीच निघालं नव्हतं, आणि भावजयीची शिवणाची दोन नवी यंत्रं खोलीअभावी पुढच्या दारात खोळंबली होती.

"अक्का, आज परीक्षा," पिशवी ओतून भाऊ म्हणाला. "यात एक बिनदात्याचं मी स्वतः टाकलंय. सापडलं तर ही खोली तुझी. नाही तर उद्या सकाळी वृद्धाश्रम. कबूल?"

"तूच टाकलंयस ना? मग सापडलंच म्हण!" अक्का हसली.

स्वयंपाकघरात भावजयीनं दबक्या आवाजात विचारलं, "अहो, खरंच टाकलंत?"

"खुळी आहेस का? हातातलं नाणं ढिगात घालायला?"

अक्का दुपारी जेवायलाही उठली नाही. चारच्या सुमारास तिची हाक आली, "बाळा, ये रे! हे घे तुझं."

भावानं नाणं खिडकीशी नेलं. कड आरशासारखी गुळगुळीत. दारात भावजय उभी होती. तिनं आधी नाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि हळूच नकारार्थी मान हलवली.

नाणं खिशात टाकून भाऊ म्हणाला, "चुकलीस अक्का. याला दाते आहेत."

"असं कसं होईल? पुन्हा बघ ना."

"दोनदा बघितलं. आम्हाला डोळे आहेत."

अक्कानं तळहात पुढं केला. "रागावू नकोस. तू टाकलेलं ते शोधून एकदा हातात दे. कुठं चुकले, तेवढं कळू दे."

भावानं ढिगातलं हाताला लागलं ते नाणं उचललं आणि तिच्या हातावर ठेवलं. "हे बघ. हे होतं."

तिनं ते अंगठ्यावरून फिरवलं, मग तर्जनीवरून, मग करंगळीवरून. शेवटी ओठांना लावून पाहिलं.

"हे?"

"हेच."

"खरंय रे बाळा," ती म्हणाली. "मला याला अजून दातेच लागतायत. बोटं मेली माझी. उगाच तुझं अन्न खात बसले."

आणि भिंत चाचपत, आपली लुगडी घडी करायला ती स्वतःच उठली.