तिच्या तोंडी घातलेलं

मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आता तीनच दुकानं तग धरून होती. त्यातलं एक तिचं. पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या. सरकता जिना बंद पडल्यापासून गिऱ्हाईक वर चढताना शिव्या घालत यायचं, पण यायचं.

"दुकान गुंडाळ आणि घरी ये, आम्ही काय परके आहोत?" हे दादाचं पालुपद. म्हणजे वहिनीच्या हाताखाली फुकट राबायचं, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

म्हणूनच तिने दादा-वहिनीला मुद्दाम मॉलमधल्याच थिएटरात सिनेमाला आणलं. सिनेमा याच शहरातला. तिच्या दुकानात अख्खा दिवस शूटिंग झालं होतं. तिला एक वाक्यही होतं. भाडं मागायला आलेल्या मॅनेजरला ठणकावायचं, "दुकान माझं आहे, मी हलणार नाही." ते तिने एका दमात म्हटलं होतं. दादाने ते एकदा ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

पण चार-पाच तिकिटं खपल्याशिवाय इथे खेळच लागत नसे. तिने मॉलच्या वॉचमनला आणि शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्याला दंडाला धरून आत बसवलं.

"मावशी, झोप आली तर उठवू नका हां," वॉचमन म्हणाला.

मध्यंतरानंतर तिचं दुकान आलं. तिचं मशीन, तिचेच ओठ. आवाज मात्र कुणा भलतीचाच, रडका. "साहेब, पाया पडते, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडकन उठली. "हे मी बोललेच नाही!"

"खाली बसा हो, दिसत नाही!" मागून घड्याळवाला ओरडला.

बाहेर आल्यावर वहिनी पदराने डोळे टिपत होती. "इतके हाल चाललेत, आणि आम्हाला सांगितलं नाहीस गं?"

"वहिनी, तो आवाज माझा नव्हता! नंतर बदललाय त्यांनी."

"असू दे. घरच्यांपुढे कसली लाज?"

दादाने तर निकालच दिला. "आता डोळ्यांनी पाहिलंय. उद्याच सामान हलवू."

रक्ताचा भाऊ! जन्मभर तिची तोंडपाटीलकी ऐकलेला. तरी त्याला पडद्यावरची बाई खरी वाटली, समोरची खोटी.

"दादा, उद्या शटर रोजच्या वेळेला उघडणार," ती म्हणाली. "तुम्हाला कुणाला सांभाळायचीच हौस असेल ना, तर त्या आवाजवालीला हुडका. तिला न्या घरी."