दोन्ही हात वर

मी पडले ती काही माडीवरून नाही, पाटावरून. भाकरी करून उठताना पाय मुडपला आणि स्वयंपाकघरातच आडवी झाले. हाड मोडलं नाही, साधं खरचटलंही नाही. पण उठता येईना. कशाला धरावं, आधी कोणता पाय घ्यावा, काही सुचेना. शेजारची सुगराबी विरजण मागायला आली तोवर मी वरचे पत्रे बघत पडून होते. तिने मला ओढून बसवलं, पाणी पाजलं आणि माझ्या लेकाला फोन लावला. तो फोन तिने करायला नको होता, हे मी तिला अजून ऐकवते.

माझा लेक कल्याण जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे. गुणाचा आहे, पण फार घाबरट. दुसऱ्याच दिवशी टेंभुर्णीत हजर झाला.

"माय, आता तू माझ्याकडं राह्यची. पुन्हा अशी पडली आन् कोणी आलंच न्हाई, तं?"

"मला दिवाळीपर्यंत सवड दे," मी म्हणाले. "जमिनीवरून माझी मी उठून दाखवते. न्हाई उठता आलं, तं मुकाट्यानं गाडीत बसते."

"बघू," तो म्हणाला. ते 'बघू' मला मुळीच आवडलं नाही. त्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मी पाहिलाय. सून चांगली आहे, सगळं हातात मिळतं. पण तिथल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकीच दिसते आणि दाराशी कुणी विरजण मागायला येत नाही. मला माझं घर सोडायचं नव्हतं, एवढीच गोष्ट होती.

मग सुगराबी मला हाताला धरून बाजारओट्यावर घेऊन गेली. आमच्या उपकेंद्रातली नर्स शीतल तिथे सकाळी म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम घ्यायची. बाजाराच्या दिवशी जिथे कांद्याचे न् मिरच्यांचे ढीग लागतात, तिथेच बाकीचे दिवस आम्ही बायका पत्र्याच्या सावलीत सतरंज्या अंथरायचो. पुरुषांनाही बोलावणं होतं, पण ते समोरच्या लिंबाच्या पारावर बसून नुसते बघायचे.

पहिल्याच दिवशी मी शीतलला सुनावलं, "जन्मभर कापूस येचला मी. मला काय व्यायाम शिकवती?"

"मावशी, येचून येचून तुम्हाला वाकायची सवय झाली," ती म्हणाली. "आता उठायची करू."

पोरगी तोंडाची पक्की निघाली. मला तशीच माणसं आवडतात, म्हणून बसले.

अडचण वेगळीच होती. त्या पारावर मधोमध माझे थोरले दीर बसायचे, रामकिसन. गाव त्यांना आबा म्हणतं, मी दादा म्हणते, म्हणजे त्यांच्या माघारी म्हणते. कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून आम्ही एकमेकांशी थेट बोललेलो नाही. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळत नाही आणि बोलणं तिसऱ्याच्या तोंडून होतं. माझे मालक गेल्यापासून दादा रोज तिसऱ्या प्रहरी माझ्याकडे चहाला येतात. फाटकाशी खाकरतात, मी पदर सावरते. घरात तिसरं कुणी नसलं तर मांजराकडे बघून म्हणतात, "चहा झाला का म्हणावं." मीही मांजरालाच सांगते, "ठेवलाय म्हणावं."

तेव्हा शीतल "दोन्ही हात वर" म्हणाली की माझा एकच हात वर जायचा. दुसरा पदर धरून बसलेला असायचा. मी एकटीच नव्हते, निम्म्या बायकांचं तेच. शीतल कपाळाला हात लावायची. सुगराबीने मात्र पहिल्याच दिवशी ओढणीची मानेमागे गाठ मारलेली. वर मलाच विचारते कशी, "अगे उषा, एक हाथ घर पे भूल के आयी क्या?"

"पिन लावा ना मावशी," शीतल म्हणायची.

"मी काय शाळकरी पोरगी हाये का?" मी म्हणायचे. एकेकीने पिन लावली, मी नाही लावली. हट्टीपणाच माझा, दुसरं काय.

तरीही गुण यायला लागला. सकाळी अंथरुणातून उठताना गुडघे कुरकुरायचे, ते कमी झालं. खांबाला हात लावून एका पायावर उभं राहून चपलेतला खडा काढता येऊ लागला. झोप लागू लागली. आणि एक गोष्ट व्यायामाची म्हणता येणार नाही, पण व्यायामामुळेच झाली. एकदा रुसून मी गेले नाही. शीतल काहीतरी बोलली होती, मला लागलं होतं. तर थोड्या वेळाने सगळ्याजणी सतरंज्या बगलेत मारून माझ्या दारात.

"तू न्हाई आली, मंग आम्हीच आलो," असं म्हणून माझ्याच अंगणात त्यांनी हात-पाय हलवायला सुरुवात केली. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. मी सगळ्यांना रागावले आणि मोठ्या पातेल्यात चहा टाकला. मालक गेल्यापासून माझ्या अंगणात इतकं हसणं झालं नव्हतं. चहा गाळताना माझे डोळे भरून आले होते.

पण जमिनीवरून उठणं काही जमेना. शीतलने रीत शिकवली होती. आधी कुशीवर वळायचं, मग दोन्ही गुडघ्यांवर यायचं, दोन्ही हात समोरच्या स्टुलावर टेकायचे, एक पाऊल पुढे रोवायचं आणि रेटा देऊन उभं राहायचं. सगळ्या उठल्या, सुगराबीसुद्धा उठली. मी एका हाताने रेटा द्यायचे, अंग एका बाजूला झुकायचं आणि मी परत सतरंजीवर. दिवाळी जवळ आली. फराळ तळताना मी घरातली एकेक वस्तू बघून घेत होते.

भाऊबीज झाली आणि कल्याण गाडी घेऊन आला. मी काही बोलायच्या आत त्याने माझी बॅग भरून उंबऱ्याशी ठेवली.

"आपलं काय ठरलं व्हतं?" मी म्हणाले.

"माय, जमतंय का तुला? खरं सांग."

मला खोटं बोलता आलं नाही. तेवढ्यात फाटकाशी खाकरणं ऐकू आलं. मी पदर सावरला. दादा अंगणातल्या बाजेवर टेकले. कल्याण त्यांना म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगा हिला." दादांनी नुसती काठी मांडीवर आडवी घेतली. मला वाटलं, संपलं, यांनाही मी जावंसंच वाटतंय.

मी आत जाऊन चहा आणला. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून उंबऱ्यावरची बॅग दिसली नाही. पाय अडकला, कपबशी एकीकडे आणि मी अंगणात आडवी. कल्याण ओरडत धावला आणि मला काखेत धरायला वाकला.

"थांब! हात लावू नको!"

दुखत काही नव्हतं, हातपाय हलवून बघितले. कुशीवर वळले. गुडघ्यांवर आले. समोर बाज होती, पण बाजेवर दादा होते. माझा एक हात आपोआप पदराकडे गेला. एका हाताने बाजेची कड धरली, रेटा दिला आणि झुकले. पुन्हा दिला, पुन्हा झुकले.

"बघ माय, न्हाई व्हत," कल्याण रडवेल्या आवाजात म्हणाला.

दादा काठी टेकत उठले आणि बाजूला झाले. मला वाटलं, तोंड फिरवून निघून जातील. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "उषाबाई, पदर सोड. दोन्ही हात टेक."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मी रोज पारावरून बघून राह्यलो. तू त्या एका हातापायी पडती. टेक दोन्ही. हां. आता उजवं पाऊल पुढं. बराबर. दे रेटा."

मी पदर सोडला. तो खांद्यावर पडला, मग खाली आला. दोन्ही हात बाजेवर रोवले, पाऊल पुढे घेतलं, रेटा दिला आणि उभी राहिले. अंगणात, उघड्या डोक्याने, थोरल्या दिरासमोर, माझ्या पायांवर. मला मोठ्याने हसू येत होतं.

कल्याणने उंबऱ्यातली बॅग उचलली, आत नेली आणि माझी लुगडी एकेक करून परत फळीवर ठेवली. लेक घाबरट आहे, पण शब्दाचा पक्का आहे.

दादा पुन्हा बाजेवर बसले. कोपऱ्यातल्या मांजराकडे बघून म्हणाले, "चहा सांडला. दुसरा ठेवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदराला पिन लावून बाजारओट्यावर गेले. आमचा व्यायाम नुकताच सुरू झाला होता, तोच पायरीशी कुणीतरी खाकरलं. काठी टेकत दादा वर आले. सुगराबीने सरकून सतरंजीवर जागा केली. शीतल म्हणाली, "वर बघा आणि दोन्ही हात वर." दादांनी मान वर केली, एक हात वर केला आणि दुसऱ्याने डोक्यावरची टोपी घट्ट धरून ठेवली.

मी इकडेतिकडे बघितलं. ओट्यावर मांजर नव्हतं.

"दादा," मी म्हणाले, "टोपी सोडा. दोन्ही हात वर."